देवळीखालची राख

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपताना फादरांनी नेहमीची सूचना वाचली. घरोघरी ठेवलेल्या जुन्या झावळ्या मंगळवारपर्यंत चर्चमध्ये आणून द्याव्यात. इतकी वर्षे ऐकत आले, तरी या वर्षी ते वाक्य कानावर पडले आणि मी बाकावर बसूनच राहिले.

आमच्यात रीत अशी आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी झावळ्यांना आशीर्वाद देतात. ज्याची त्याची झावळी ज्याच्या त्याच्या घरी जाते आणि भिंतीवरच्या क्रुसामागे खोचली जाते. वर्षभर ती तिथेच वाळते, पिवळी पडते, धूळ खाते. पुढच्या वर्षी उपवासकाळ आला की ती परत चर्चमध्ये आणायची. सगळ्यांची पाने एकत्र जाळतात आणि ती राख बुधवारी प्रत्येकाच्या कपाळाला लावतात. माती आहेस, मातीला मिळशील, एवढेच त्या वेळी सांगतात. तिथून चाळीस दिवसांचा उपवास. आमच्याकडे माड नाहीत. नाल्याकाठची शिंदी तोडून तिलाच आम्ही झावळी म्हणतो.

सोमवारी दादाच्या घरी गेले. दादा, माझा मोठा भाऊ, पावसाळ्यात गेला. वहिनी म्हणाली, "तुम्हीच काढा ताई. त्यांनी खोचलंय, माझा हात जात नाही." स्टुलावर चढून मी पान काढले. वर्षभर वाळलेल्या पानाला वजन नसते, हे ठाऊक असूनही मी ते दोन्ही हातांनी धरले होते.

हे दिवस मला लहानपणापासून आवडतात. थंडी गेलेली असते पण पहाटे पांघरूण लागते. कडुनिंब पाने टाकत असतो, शेवगा फुललेला असतो, आणि दुपारचा वारा पहिल्यांदा कोरडा होऊन येतो. ज्वारी काढायला आलेली असते. आम्ही राहत होतो ती मुकुंदवाडी तेव्हा गावच होती. आमच्या खोलीच्या मागे कणसे डुलत आणि त्यांच्यावरून चिकलठाण्याच्या कारखान्यांचा भोंगा येई. भोंग्यावर बायका चुली पेटवत. चर्चची घंटा आणि भोंगा यांच्यात पाच मिनिटांचे अंतर असे, आणि आमच्या घरात एक माणूस घंटेवर उठे, दुसरा भोंग्यावर.

घंटेवर उठत ते बाबा. शाळेत मास्तर होते, म्हणून सगळ्या ख्रिस्ती वस्तीचे मास्तर. पण त्यांचे खरे काम सकाळचे. वेदीवरचे कापड अंथरायचे, मेणबत्त्या लावायच्या, फादरांचे झगे काढून ठेवायचे: उपवासकाळात जांभळा, ईस्टरला पांढरा. कापडाची घडी बोटभर वाकडी असली तरी ते मिस्सा सुरू होऊ देत नसत. फादर वसईकडचे होते. ते हसून म्हणत, "मास्तर, देव घडी मोजत नाही हो." बाबा म्हणत, "देव नाही मोजत, फादर. मी मोजतो."

या काटेकोरपणाची मला कॉलेजात गेल्यावर लाज वाटू लागली होती. त्यामागे काय आहे ते त्यांनी एकदाच सांगितले, तेही आई गेली त्या वर्षी. ते लहान असताना गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. तांब्याला हात लावायची सोय नव्हती. मग एका फादरांनी त्यांना वेदीजवळ बोलावले आणि मिस्साचा प्याला हातात देऊन म्हटले, नीट पूस आणि फडताळात ठेव. दहा वर्षांचे होते. "सोन्याचा मुलामा होता आत," बाबा म्हणाले. "मी त्याला हात लावला आणि कुणीच ओरडलं नाही." मी त्या वेळी हातातल्या पुस्तकाचे पान उलटले असावे. आज वाटते, ज्याला सगळीकडे दुसऱ्याच्या मर्जीवर पाणी मिळाले, त्याला नियमाचे केवढे अप्रूप असेल. नियम कुणाची मेहरबानी नसतो. तो वेदीपाशी सगळ्यांना सारखा असतो.

भोंग्यावर उठे तो दादा. तो फाउंड्रीत साचे घालायचा. वाळू चाळायची, ओली करायची, ठोकून बसवायची, त्यात वितळलेले लोखंड. घरी आला की त्याच्या केसांतून काळी वाळू गळे. कंपन्या नवीन होत्या, पोरे खेड्यांतून आलेली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत विद्यापीठाच्या नामांतराशिवाय दुसरा विषय नसे. दादा मोर्चात जाऊ लागला. त्याचे मित्र शेजारच्या वस्तीतले, बौद्ध. एकाच नळावर पाणी भरणारे, मुळात एकाच वाड्यातून फुटलेले आम्ही.

मग नाव द्यायचे ठरले आणि पावसाळ्यात खेडोपाडी घरे पेटली. करमाडच्या पुढे, सडकेपासून आत, एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथे आता दोन्ही बाजूंची मुले एका शाळेत जातात. त्या गावात आमच्या ख्रिस्ती लोकांची सहा घरे होती, बौद्धांच्या घरांना लागून. पेटवणाऱ्यांनी कुठल्या दारावर क्रूस आहे ते पाहिले नाही. पाहिले असते तरी फरक पडला नसता. दादा दुसऱ्या दिवशी सायकलवर तिथे जाऊन आला आणि दोन दिवस जेवला नाही.

शनिवारी संध्याकाळी तो बाबांना म्हणाला, "उद्या मिस्सात तुम्ही प्रार्थना वाचणार ना? त्यात त्या घरांसाठी एक वाचा."

बाबा झग्याला इस्त्री करत होते. "छापून आलेल्या असतात. त्याच वाचायच्या."

"एक ओळ, बाबा."

"एकानं एक ओळ घातली की उद्या दुसरा दुसरी घालतो. वेदी काय चावडीय?"

ते पूर्ण खरे नव्हते. आदल्या दिवशी पीटरकाका येऊन गेले होते. पीटरकाका एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, चर्चच्या मंडळाचे पुढारी. "आपण मूठभर, मास्तर," ते म्हणाले होते. "आपलं देवाचं देवाला बरं. राजकारण चर्चमध्ये आलं तर उद्या दगड आपल्याच काचांवर." त्यांची भीती खोटी नव्हती. शहागंजच्या बाजारात त्या आठवड्यात दुकाने अर्धी शटर उघडून चालत होती.

रविवारी बाबांनी पाऊसपाण्यासाठी वाचले, आजाऱ्यांसाठी वाचले, पोपसाहेबांसाठी वाचले, राज्यकर्त्यांसाठी वाचले. चौथ्या प्रार्थनेनंतर दादा उठला आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेला. कंपनीचे बूट होते पायांत. त्या बुटांचा आवाज दारापर्यंत गेला. बाबांनी वाट पाहिली, आणि पाचवी प्रार्थना वाचली.

त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडण नव्हते. भांडायला बोलावे लागते. एका खोलीत, एका ताटलीतून चटणी घेत, दोघे माझ्याशी बोलत.

"त्यांना सांग, डाळीत मीठ नाही."

"त्याला सांग, मी ऐकलं. मीठ मी विसरलो नाही, तू विसरलास."

"मी म्हणजे कोण?" मी विचारी. "नीट सांगा, मला निरोप पोचवायचाय."

दोघांनाही हसू येई आणि दोघेही ते ताटाकडे बघून गिळत. सहा महिने मी पोस्टमन होते. दोघांच्या मधे पुस्तक उघडून बसायचे आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही. या गोष्टीला मी तेव्हा समंजसपणा समजत होते.

उपवासकाळ आला. झावळ्या गोळा करायला बाबा दरवर्षी स्वतः गावोगाव जात. शहरातले लोक आणून देत, खेड्यातल्यांची पाने बाबा आणत, कारण राख सगळ्यांची हवी, असा त्यांचा हट्ट होता. त्या वर्षी गोणी धरायला मी बरोबर गेले. करमाडपर्यंत एसटी, पुढे पायी. हरभरा काढून झालेली शेते, बांधावर पळस. मी वाटेत त्यांना विचारले, "त्या गावात कशाला जायचं, बाबा? त्यांच्याकडं पानं असणार कुठून?" ते म्हणाले, "यादीत गाव आहे."

सहा घरांवर सरकारी पत्रे चढले होते. भिंती जुन्याच, वरपर्यंत काळ्या. सोजराबाई दारात तुरी पाखडत होत्या. नात्याने कुणी नाहीत, पण बाबा आधी त्याच गावच्या शाळेवर होते, आणि दादा लहानपणी त्यांच्या अंगणात वाढला. बाबांना बघून त्यांनी सूप खाली ठेवले.

"या मास्तर. पानं गोळा करायला आले व्हय?"

गोणी बाबांनी पाठीमागे धरली होती.

"आमचं पान तर कवाच जळलं," त्या म्हणाल्या. "घरासंगं."

"राहू द्या, बाई. मी नुसता भेटायला..."

"राहू द्या कसं? दुसऱ्यायची पानं तुम्ही नेऊन जाळनार. आमची जाळूनच ठिवली लोकांनी. तुमची काडी वाचली." त्या हसल्या. समोरचे दात पडलेले होते. मग आत जाऊन त्यांनी एक तेलाचा डबा आणला, वर फडके बांधलेला. "देवळीत क्रूस व्हता, पान व्हतं, मदर मेरीचा फोटू व्हता. ती भित पडली. देवळीखालची राख मी येगळी काढली. बाकीची पावसानं गेली. ही टाकावी तरी कुठं? देव व्हता ना तिच्यात."

बाबांनी डबा घेतला नाही. त्या धरून उभ्याच राहिल्या.

"चालंल ना, मास्तर? का आमची चालत न्हाई?"

बाबांनी डबा घेतला. परतीच्या एसटीत तो त्यांच्या मांडीवर होता आणि रिकामी गोणी माझ्या. ते मला म्हणाले, "घेतला म्हणजे लावीनच, असं नाही."

डबा शाळेच्या कपाटावर ठेवला असता तर प्रश्न मिटला असता. त्यांनी तो घरी आणला. शनिवार गेला, रविवार गेला. बाबा त्याच्याकडे बघत आणि शाळेला जात. नियम स्पष्ट होता: राख आशीर्वाद दिलेल्या झावळीची हवी. यात झावळी होती, पण कुड होता, वासा होता, लुगडे होते, कोण जाणे काय काय होते. फादरांना विचारले तर ते म्हणाले, "मास्तर, तयारी तुमची. तुमची खात्री असेल तर माझीही आहे." जबाबदारी परत बाबांच्याच ओंजळीत.

सोमवारी संध्याकाळी दादा जेवत होता. सोजराबाईंचे शब्द मी त्याला सांगितले होते, शेवटच्या प्रश्नासकट. तो घास हातात धरून मला म्हणाला, "त्यांना विचार, नियमात काय लिहिलंय? पानाची राख लागते. पान कुणी जाळावं हे लिहिलंय का?"

मी निरोप पोचवला नाही. गरज नव्हती. बाबांनी हात धुतले, फडताळातले जाड पुस्तक काढले आणि चष्मा लावून वाचत बसले. बराच वेळ. दादा ताट घेऊन तसाच बसून होता. बाबांनी पुस्तक मिटले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, नाही लिहिलेलं."

पुस्तक फडताळात ठेवता ठेवता: "त्याला विचार, बारीक चाळणी आहे का कंपनीत?"

मंगळवारी दुपारी दादाने चाळणी आणली. वाळूची, लाकडी चौकटीची. चर्चच्या मागे, चिंचेखाली, बाबांनी आधी शहरातली आणि बाकीच्या खेड्यांतली पाने जाळली. मग जुने धोतर अंथरले आणि डबा उघडला. मला वाटले होते राख काळी असेल. ती करडी होती, जागोजागी तांबूस, भिंतीची माती मिसळलेली. बाबा वाटीने घालत आणि दादा चाळत. चाळायची त्याची पद्धत होती: मनगट ढिले, खांद्यातून हिसका. वर जे राहील ते तो बाजूला फडक्यावर ठेवी. खिळे. काचेच्या बांगडीचा वितळलेला गोळा. कोळसा झालेले तुरीचे दाणे. बाजेच्या सुतळीची एक गाठ, जळूनही गाठच. एकदा बाबांनी हात पुढे केला आणि दादाने चाळणी थांबवली. तारेचा एक छोटा तुकडा, त्यात एक मणी अडकलेला. जपमाळेचा असावा. बाबांनी तो खिशात ठेवला.

मी चिंचेला टेकून बघत होते. त्या दिवशी पुस्तक नव्हते हातात. चाळलेली राख खाली पडताना मला कळेना, यातली पवित्र कुठली आणि जळलेली कुठली. बाबांनाही कळत नसणार. त्यांनी दोन्ही राखा एकत्र केल्या, स्वच्छ भांड्यात भरल्या, वर पांढरे कापड घातले आणि त्याची घडी दोनदा नीट केली.

अलीकडे आमच्याकडे व्याख्याने होतात. उपासना महत्त्वाची की समाजकार्य, वेदी की रस्ता, यांचा तोल कसा साधावा. मी मागच्या बाकावर बसून ऐकते. वक्ते चांगले असतात. पण मला तोल म्हटले की तराजू दिसतो, इकडे एक घातले की तिकडे एक उचलायचे, आणि आमच्या घरात तसे काही झाले नाही. पुढे अनेक वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळाले, तेव्हा बाबा अंथरुणावर होते. दादा पेढे घेऊन आला. बाबांनी अर्धा पेढा खाल्ला आणि विचारले, "पाटी सरळ लावली का?" दादा इतका हसला की त्याला खोकला आला. "उद्या बघून येतो," म्हणाला, आणि खरोखर बघून आला. दादाच्या मातीला फादर होते, कंपनीतले जुने कामगार होते, मोर्चातले पांढरे केस झालेले मित्र होते. दफनाच्या प्रार्थना चालू असताना ते मित्र फाटकाबाहेर थांबले होते. त्यांना आत बोलवावे असे माझ्या मनात आले. या वेळी मी पुस्तक उघडून बसले नाही. गेले आणि बोलावले.

तर तो बुधवार. मिस्सा सकाळची होती. दादाची दुसरी पाळी, तरी तो आत आला नाही. दाराशी सायकल धरून उभा राहिला. पहिल्या एसटीने गावची माणसे आली, सोजराबाई पुढे. इरकली लुगडे, पदर कपाळापर्यंत. त्यांनी बाकावर बसता बसता शेजारच्या नर्सबाईंना सांगितले, "आज माझ्या घरची राख हाय बरं का." ते बाकाबाकावरून पुढे गेले. माना वळल्या. पीटरकाका उठून वेदीशेजारच्या खोलीच्या दारात आले, जिथे मी बाबांना मेणबत्त्या देत होते.

"मास्तर, ऐकतो ते खरं आहे का? राखेत काय मिसळलंय?"

बाबांनी काडी विझवली. "झावळीची राख आहे. आशीर्वाद दिलेल्या झावळीची. नियमाप्रमाणं."

"पण कुठली?"

"सगळ्यांची. दरवर्षी सगळ्यांचीच असते."

पीटरकाका तिथेच घुटमळले. बाबांच्या शब्दावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती, आणि त्या शब्दात खोटे काहीच नव्हते. ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

रांग लागली. फादर अंगठा बुडवत आणि कपाळावर क्रूस काढत. पीटरकाका आले, नर्सबाई आल्या, कॉन्व्हेंटच्या मुली आल्या. सोजराबाई रांगेतून बाहेर पडून दाराशी, दादाकडे गेल्या. संबंध चर्चला ऐकू गेले.

"चल रं शमू, लाग लाइनीला. तुझंबी घर व्हतं ते. खाऊ खाऊ माझी उतरंड रिकामी केलीस."

दादाने सायकल भिंतीला लावली.

मिस्सा झाल्यावर सगळे पायऱ्यांवर आले. ऊन चढू लागले होते. दरवर्षी या वेळी रुमाल निघतात. कुणाला कचेरी असते, कुणाला बाजार, आणि कपाळावर काळा डाग घेऊन कुठे जायचे असते? सोजराबाई शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या आणि एकेकाच्या कपाळाकडे बघत होत्या, जसे लग्नघरी अक्षता कुणाकुणाला पोचल्या ते बघावे. त्यांच्या तोंडावर हसू नव्हते, रडूही नव्हते. नुसत्या बघत होत्या.

पीटरकाकांनी रुमाल काढला होता. तो हातात धरून त्यांनी बाबांना विचारले. दटावून नाही, अगदी साधेपणाने. "पुसलं तर चालतं ना, मास्तर?"

बाबांना नियम ठाऊक होता. सगळ्यांना ठाऊक होते की त्यांना ठाऊक आहे.

"चालतं," ते म्हणाले.

रुमाल कपाळाकडे गेला.

"पण आज पुसू नका," बाबा म्हणाले.

हे कुठल्याच पुस्तकात छापलेले नव्हते. माझ्या माहितीत बाबांनी चर्चच्या आवारात स्वतःच्या मनाने उच्चारलेले ते पहिले वाक्य. पीटरकाकांनी त्यांच्याकडे पाहिले, खाली सोजराबाईंकडे पाहिले, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी ते तसेच कचेरीत गेले. नर्सबाई तशाच वॉर्डात गेल्या.

दादा सायकल घेऊन पायऱ्यांशी आला. कपाळावरची राख त्याच्या भुवयांत उतरली होती.

"बाबा, ऊन लागंल," तो म्हणाला. "मागं बसा."

बाबांनी सवयीने माझ्याकडे तोंड वळवले. "त्याला सांग..." ते म्हणाले आणि थांबले. मग धोतर आवरून कॅरियरवर बसले, आणि दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"हळू चालव."